मिसूबाईनं पाहिलेली पाठ

माणसाच्या तोंडाकडं न बघता पाठीकडं बघणारी बाई मी जन्मात एकच पाहिली. नाव मिसुक, देश कोरिया. आमच्या तोंडी तिचं मिसूबाई झालं. आमच्या गावात ती सात महिने राहिली, आणि सत्तर वर्षांत मला कोणी दिले नाहीत एवढे धक्के तिनं त्या सात महिन्यांत दिले. ती परत तिच्या देशी गेली त्याला वर्ष होऊन गेलं. माझी बायको चंद्रा, तीही त्याच उन्हाळ्यात गेली. आता बसल्या बसल्या अंग दचकतं, तेव्हा तो धक्का बायकोचा की मिसूबाईचा, हे मला निवडून काढता येत नाही. मी चौथी शिकलोय. आठवेल तसं लिहितो.

आमचं गाव मुरबाडच्या पुढं, टोकावड्यापासून आत. गावाच्या कडेला मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंचं घर आहे, त्या सुट्टीला येतात. दिवाळी झाली, भाताची झोडणी उरकली, आणि त्यांच्या गाडीतून ही उतरली. पन्नाशी ओलांडलेली, बुटकी, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला, विजारीला गुडघ्यापर्यंत खिसेच खिसे. डॉक्टरीणबाईंनी ओट्यावर बसलेल्या आम्हा चार जणांना सांगितलं, "ही मूर्ती करते. तिच्या देशात नाव आहे तिचं. बायका आयुष्यभर म्हाताऱ्यांचं, पोरांचं, ढोरांचं करतात ना, आणि ते कोणी काम म्हणून धरत नाही, त्याच्या मूर्ती. बायकांच्या बाजूनं भांडणारी आहे."

मी म्हटलं, "भांडायला एवढ्या लांबून कशाला आली? आमच्या बायका घरबसल्या भांडतात."

सगळे हसले. ती हसली नाही. ती माझ्या मागं जाऊन उभी राहिली आणि माझी पाठ बघायला लागली. मी आपोआप ताठ बसलो. ती हिंदीत म्हणाली, "झूठा पीठ." आणि निघून गेली. मला पहिल्यांदा वाटलं, चक्कीतल्या पिठाबद्दल काही बोलते की काय. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ती म्हणते पाठ खोटी आहे. पाठसुद्धा खोटी असते हे मी त्या दिवशी ऐकलं.

मग ती रोज गावात फिरायला लागली. बायका ओढ्यावर धुणं धुवायला बसल्या की ही त्यांच्या मागं दगडावर बसायची. कोणी शेण थापतंय, कोणी पोराला न्हाऊ घालतंय, कोणी गाईच्या सडाला हात लावतंय, ही मागं. हातात मातीचा गोळा, बोटं चालू. पहिले आठ दिवस बायकांनी पदर ओढून ओढून खांदे झाकले. माझी चुलत भावजय जनी, तिच्या जिभेला हाड नाही. ती भर ओढ्यात ओरडली, "अगो, ही कोरियावरना आपली ढुंगणं बघाया आली का काय?"

मिसूबाईनं हातातला गोळा तिच्यापुढं धरला. वीतभर माती, पण जनीच होती. उकिडवी बसलेली, एक खांदा खाली गेलेला. तो खांदा जनीच्या सासऱ्याला चार वर्षं उचलून उचलून खाली गेलाय, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी कधी बोललं नव्हतं. जनीनं आपल्या खांद्याला हात लावला. मग म्हणाली, "ह्यो खांदा तुला कुणी सांगितला गो?"

तिच्या मूर्तीला तोंड नसायचं. असलं तरी वळवलेलं असायचं. तिचं म्हणणं एकच, "तोंड खोटं. पाठ खरी."

मराठी ती माझ्या बायकोकडून शिकली, आणि हा एक वेगळाच घोळ. चंद्रा माणसांशी कमी आणि ढोरांशी जास्त बोलायची. मिसूबाई गोठ्यात तिच्या मागं बसून जे ऐकायची तेच शिकली. त्यामुळं आम्हा सगळ्यांशी ती ढोरांच्या भाषेत बोलायची. सरपंचाला म्हणाली, "सरक रे बाजूला." मास्तरांच्या बायकोला म्हणाली, "खा गो, सांडू नको." मला तर पहिल्यापासून अरेतुरे. माझी लग्नाची बायको मला पंचेचाळीस वर्षं तुमी म्हणत आली, आणि ही परकी बाई म्हणते, "उठ रे!" चंद्रा तोंडाला पदर लावून हसायची. पण एक सांगतो, म्हशीपुढं बसायच्या आधी ही बाई म्हशीला वाकून नमस्कार करायची. आम्हाला कधी केला नाही.

जनीनं एकदा तिला जेवायला बोलावलं. पाहुणी म्हणून कोंबडी कापली. मिसूबाईनं ताटाला हात जोडले, भाकरी आणि ठेचा खाल्ला, रश्शाला हात लावला नाही. मग विचारलं, "हिचं नाव काय होतं?"

"कुणाचं?"

तिनं वाटीकडं बोट दाखवलं. आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. कोंबडीला कुठं नाव असतं? तेवढ्यात दाराशी बसलेली चंद्रा हळूच म्हणाली, "तुरेवाली." कोंबडी जनीची, आणि नाव माझ्या बायकोनं ठेवलेलं. तिनं अख्ख्या आळीच्या कोंबड्यांना नावं ठेवली होती. एवढी वर्षं एका घरात राहून मला ते माहीत नव्हतं.

त्या दोघींचं तिथून जुळलं. मिसूबाई तिला ऑन्नी म्हणायची. त्यांच्याकडं मोठ्या बहिणीला तसं म्हणतात.

आता मला माझं वाईट सांगावं लागेल. आमच्या दारात भुरी नावाची कुत्री होती. चंद्रा तिला भाकरी घालायची. ती कुत्री अंडी खायची. एक दिवस मी तिला अंड्यावर पकडली आणि काठीनं झोडली. चिडलो होतो, भान नव्हतं. मागल्या पायाचं हाड कडकन वाजलं ते मी ऐकलं, तरी काठी वर होतीच. मिसूबाई रस्त्यानं चालली होती. ती आली, माझ्या हातातली काठी घेतली, गुडघ्यावर धरून मोडली, आणि दोन्ही तुकडे परत माझ्या हातात दिले. बाईमाणसानं माझ्या हातातली काठी घेतली! दारातून आवाज आला, चंद्रा हसत होती. मोठ्यानं. अशी हसलेली मी तिला तरुणपणीही बघितली नव्हती.

मिसूबाई मला म्हणाली, "तू मोडला. तू बांध."

मी नाही बांधला. चंद्रानं बांधला. बांबूच्या कामट्या आणि जुन्या लुगड्याची पट्टी. हाड काही नीट बसलं नाही, भुरी तीनच पायांवर चालायला लागली. मी ओट्यावर बसून विडी ओढत होतो आणि मला कळत होतं की ती बाई माझ्या मागं उभी आहे.

संक्रांतीच्या आधी चंद्राला लकवा मारला. सकाळी गोठ्यातून हाक आली नाही म्हणून गेलो, तर शेणात पडलेली. डावं अंग गेलेलं, जीभ जड. मुरबाडला नेलं, तिथून कल्याणला. अठरा दिवसांनी परत आणलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच करा, आणि दर दोन तासांनी कुशीवर वळवा, नाहीतर पाठीला जखमा होतील.

पाठीचं मला सांगायची गरज नव्हती. चंद्रा तानसाकडची. माझ्या घरी आली तेव्हापासून तिनं माणसंच उचलली. माझी आई पाच वर्षं अंथरुणात होती, ते सगळं चंद्रानं केलं. आई गेली तेव्हा अंगावर एक ओरखडा नव्हता. पण आळीतली एक म्हातारी तशीच पडून पडून गेली होती, सुना बघत नव्हत्या. तिला आंघोळ घालायला चंद्रा गेली आणि येऊन दोन दिवस जेवली नाही. म्हातारीच्या पाठीत किडे होते. चंद्रा तेव्हा मला एवढंच म्हणाली होती, "मला काय बी होवो, पाठ सडून नको जायाला." कल्याणहून आणताना गाडीत तिनं माझा सदरा धरला. तोंडातून एकच शब्द निघाला. "पाठ."

मी म्हटलं, "हां. कळला."

पण करणार कोण? मी तर कधी तांब्यासुद्धा उचलून आत ठेवला नव्हता. मुलगा विजू कल्याणला, सून नोकरी करते. विजू म्हणाला, "आई माझ्याकडं राहू दे." चंद्रानं डोळे मिटून घेतले. तिला तिचा गोठा सोडायचा नव्हता. गाव म्हणालं, सुनेला आणा. सूनबाई रजा काढून आठ दिवस राहिली, आणखी किती राहणार?

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मिसूबाई! बाईमाणूस, एकटी, मोकळी. सेवेच्या मूर्ती करते, कुत्र्याच्या पायासाठी माझी काठी मोडते, चंद्राला बहीण म्हणते. हिच्याहून कोण बरी? मी स्वतः गेलो. म्हटलं, "बाई, तू आमच्याकडंच राहा. पडवी देतो, जेवण देतो. चंद्राचं तू कर."

तिनं ऐकून घेतलं. हातावरची माती धुतली. माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच सरळ तोंडाकडं. म्हणाली, "नाय. तू."

मला वाटलं कळलं नसेल. परत सांगितलं. परत तेच. "नाय. तू."

माझ्या अंगाचा भडका उडाला. घरी येईपर्यंत भेटेल त्याला सांगत आलो, "दगड हाय दगड! मातीच्या बायका करती, जिवंत बाईला हात नाय लावायची. ढोंगी!" जनीसुद्धा म्हणाली, "असली कसली गो बहीण?" गावानं दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दारात. म्हणाली, "चल." का गेलो कोण जाणे. डॉक्टरीणबाईंच्या पडवीत एका फळीवर मातीची बाई निजलेली होती. पुऱ्या माणसाएवढी, आतून पोकळ. माती ओली. शहापूरच्या कुंभाराची माती तिला पसंत पडली नव्हती, आमच्याच खाचरातली काळी माती तिनं महिनाभर मळून ही बाई केली होती.

"उचल," म्हणाली.

मी दोन्ही हात धरले आणि ओढले. मातीचा हात खांद्यातून निघून माझ्या हातात आला.

मी ओरडलो. खरंच ओरडलो. तो हात थंडगार होता, बोटं होती त्याला. मी कल्याणच्या दवाखान्यात चंद्राला तसंच ओढून बसवायचो आणि ती कण्हायची. महिनाभराचं काम मोडलं, आणि ही बाई शांत. म्हणाली, "ओढू नको. ओली माती ओढायची नाय." मग दाखवलं. अगदी जवळ जायचं. छाती टेकवायची. एक हात मानेखाली, एक मांड्यांखाली, पूर्ण आत जाईपर्यंत. श्वास घ्यायचा. मग कमरेनं नाही, गुडघ्यानं उठायचं. "घाई केली, तुटला."

मी त्या मोडक्या बाईला सहा वेळा उचललं. सातव्या वेळेला आणखी काही तुटलं नाही. ती म्हणाली, "आता जा. ऑन्नी भिजली असेल."

अशी ती मला शिकवायची. हात लावायचा नाही, दाखवायचं. रोज दुपारी येऊन चंद्राजवळ बसायची. ही कोरियन भाषेत बोलायची, ती अर्ध्या जिभेनं मराठीत, आणि दोघींचं चालायचं. भुरी खाटेखाली. मी चंद्राचं लुगडं बदलायचो, पाठ पुसायचो, खोबरेल लावायचो, कुशीवर वळवायचो, आणि मिसूबाई मागं बसून माती दाबत राहायची. पहिले काही दिवस लाज वाटली. दार लावून घ्यायचो. ती दार उघडायची. आळीतले पुरुष विचारायचे, "काय रे, आज काय धुतलंस?" मी खाली मान घालायचो. मग कधीतरी मान घालायचं विसरलो. काम उरत होतं, लाजेला टाइम कुठला?

चैत्रात तिनं मला मूर्ती दाखवल्या. वीतभर, हातभर, चौदा-पंधरा असतील. म्हैस रेडकाची पाठ चाटतेय. जनी. भुरी स्वतःचा पाय चाटतेय. आणि मधोमध एक मोठी. कोणी वाकलंय, हातांवर एक आडवं माणूस घेऊन. वाकणाऱ्याची पाठ रुंद, मऊ, मान पुढं आलेली. मला बघताक्षणी कळलं. मी म्हटलं, "ही चंद्रा. माझ्या आईला उचलताना. पण तू तर तवा नव्हतीस!"

"नाय. तू."

मी परत बघितलं. हातांवर जी होती तिचा डावा पाय लोंबत होता. चंद्राचा पाय. मग वाकणारा मी होतो. माझी पाठ चंद्राच्या पाठीसारखी झाली होती, आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिथंच खाली बसलो. घरी ती मूर्ती फळीवर घालून चंद्रापुढं नेली. ती खूप वेळ बघत राहिली. मग एका गालानं हसली. म्हणाली, "तुमीच."

मूर्ती भाजायच्या होत्या. वीटभट्टीवाल्यांनी तिला हाकललं. मीच म्हटलं, "माझ्या राबात भाज." राब म्हणजे आमच्याकडं पावसाआधी रोपाच्या वाफ्यावर शेण, ऐनाचा पाला, वाळलेलं गवत आणि वर माती असे थर देऊन जाळतात. त्या राखेत भाताचं रोप जोर धरतं. तिला ते फार आवडलं. आम्ही दोघांनी मिळून थर रचले, मूर्ती आत निजवल्या. तिनं प्रत्येकीच्या खाली हात घालूनच ठेवली. वाऱ्याच्या उलट बाजूनं मी आग लावली. धुमसत धुमसत जळायला पाहिजे तशीच जळली. ती मला म्हणाली, "उद्यापर्यंत हात लावू नको." आणि चंद्राजवळ जाऊन बसली, कारण मी इकडं होतो.

दुपार कलली आणि वारा सुटला. वरची माती फाटली, राख उडायला लागली. काळी राख, सगळी शेजारच्या बांधावर. राख गेली तर रोप कशावर करणार? आमच्या बापजाद्यांपासून अशा वेळेला एकच करतात. मी दोन हंडे भरले आणि राबावर पाणी मारलं.

फाट. फाट. फाट फाट फाट.

मला वाटलं कोणी फटाके लावले. मग कळलं आतून आवाज येतोय, तापलेल्या मूर्ती पाण्यानं तडकतायत. हातातला हंडा खाली पडला. हात मी लावला नव्हता हो. पाणी मारलं होतं. पण ते कोणाला सांगणार?

मिसूबाई पळत आली. बांधावर उभी राहिली. मी म्हटलं, "वारा सुटला. राख चालली व्हती." ती बराच वेळ राबाकडं बघत होती, मग उडणाऱ्या राखेकडं, मग माझ्याकडं.

"राख गेली तर भात नाय?"

"नाय."

"मग बरोबर. शेत तुझं." जरा वेळानं म्हणाली, "मी वारा विचारला नाय तुला." आणि बांधावर बसून तोंड गुडघ्यात घालून रडली. मी एवढा मोठा गडी, मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही राख उपसली. सगळ्यांचे तुकडे. भुरी तेवढी साबूत निघाली, अर्धी काळी, अर्धी तांबडी. आणि मोठीतला मी निघालो. पाठ, मान, दोन्ही हात पुढं केलेले. हातांवरची चंद्रा नव्हती. ती भुगा झाली होती, बोटांएवढे तुकडे. मी ते वेचत बसलो. म्हटलं, "मुरबाडहून सिमेंट आणतो, चिकटवू. तू सांग कसा तो."

"नाय. असंच."

"असा कसा? हात रिकामे हायेत माझे! लोकांना वाटंल भीक मागतोय!"

तिनं पाठीवरची राख पुसायला घेतली. मला वाटलं ही सूड घेते माझ्यावर. चार दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही.

वैशाख संपता संपता एका सकाळी चंद्रा गेली. मी चमच्यानं चहा घालत होतो. एक चमचा गिळला, दुसरा गालातून बाहेर आला. मी पुसला. मग कळलं.

अंगणात लुगड्यांचा आडोसा केला आणि बायका तिला आंघोळ घालायला घेऊन गेल्या. जनीनं मिसूबाईला आत बोलावलं. मी बाहेर ओट्यावर, विजू शेजारी. माझं लक्ष एकाच गोष्टीत. आत पाण्याचे तांबे पडत होते आणि कोणी बोलत नव्हतं. मग जनी बाहेर आली. पदर खोचलेला, हात ओले. "भावोजी, पाठ बघितली आमी. एक डाग नाय. पोरीवानी हाय पाठ."

मी रडलो ते तेव्हा. पण जनी गेली नाही. खाली वाकून हळू आवाजात म्हणाली, "आणि ऐक. ती कोरियावाली, तिनं चंद्राला एका हातानं असा कुशीवर घेतला, आमी बघतच ऱ्हायलो. ते शिकून येत नाय. तिनं केलेला हाय. लय वर्षा केलेला हाय."

दिवसकार्य होईपर्यंत मी विचारलं नाही. तेरावं झालं, ती बांधाबांध करत होती, तिच्या कागदांची मुदत संपली होती. तेव्हा विचारलं. "तुला येत व्हता. मग का नाय केलास?"

तिनं बोटांवर मोजलं. "आई, नऊ वर्षं. मग सासरा, चार वर्षं. भाऊ होते तीन. नवरा होता एक. सगळे बाहेर बसले." हात झटकला. "माझा नंबर झाला."

ती परत बोचकं बांधायला लागली, मग म्हणाली,

"मी आत गेले असते तर तू बाहेर बसला असता."

मला कोणी कानाखाली मारली असती तरी एवढा हललो नसतो. कारण खरं होतं. मी बाहेरच बसलो असतो. विडी ओढत. आणि चंद्रा कोणा दुसऱ्याच्या हातांवर गेली असती.

माझी ती रिकाम्या हातांची पाठ तिनं बरोबर नेली. मी चंद्राचं लुगडं दिलं, त्यात गुंडाळली. मी अजून विमान जवळून बघितलं नाही, माझी पाठ त्यात बसून गेली. भाजलेली भुरी मला ठेवली. ती ओट्यावर आहे.

तिला टोकावड्याच्या स्टँडवर पोचवायला मी गेलो. डॉक्टरीणबाईंची गाडी कल्याणला थांबणार होती, तिथपर्यंत एसटी. खरी भुरीही आमच्या मागं आली, तीन पायांनी एवढं अंतर, थांब म्हटलं तरी ऐकली नाही. आळेफाट्याकडून गाडी आली. भुरी दाराशी जाऊन भुंकायला लागली. कंडक्टर ओरडला, "ओ बाबा, कुत्रा उचला, कुत्रा!"

मी वाकलो. एक हात मानेखाली, एक मांड्यांखाली. छातीशी घेतली. श्वास घेऊन गुडघ्यानं उठलो. मोडलेला पाय माझ्या मनगटावर लोंबत होता. मी वाट बघत होतो की मिसूबाई आता चढेल, मी हात हलवीन, गाडी जाईल. ती चढली नाही. पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "तू आधी जा."

"अगो, गाडी तुझी सुटती हाय."

"जा रे."

कंडक्टरनं घंटी मारली. आतली माणसं खिडकीतून डोकावायला लागली. मी वळलो आणि गावच्या वाटेला लागलो. वळणावर एकदाच मागं बघितलं. ती अजून पायरीवरच होती, चष्मा डोळ्यांवर, एका हातानं दांडा धरलेला, आणि मोकळ्या हाताची बोटं हवेत चालू, मातीत चालायची तशी.

मी परत पुढं बघितलं. भुरी जड झाली होती, पाठ वाकली होती. रस्त्यावर माणसं होती, ओळखीची होती. मी पाठ ताठ केली नाही. तशीच राहू दिली आणि चालत राहिलो.